टेलिमार्कसाठी बूट कडक घ्यावा की मऊ?

शुभ्रवाट

नमस्कार मंडळी,

बारा वर्षं अल्पाइन, म्हणजे टाच स्कीला जखडलेलं, स्कीइंग केल्यावर गेल्या दोन हिवाळ्यांपासून टेलिमार्कच्या नादाला लागलोय. मोकळी टाच, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा जवळजवळ बर्फाला टेकलेला, आणि दोन्ही स्की मिळून एकच लांब कमान. ते वळण पहिल्यांदा नीट जमलं त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. आतापर्यंत बूट मागून आणून वापरले. आता स्वतःचे घ्यायचे आहेत आणि तिथेच गाडी अडली आहे.

पहिल्या हिवाळ्यात दोन बकलांचे, घोट्याच्या जरा वरपर्यंत येणारे जुने प्लास्टिकचे बूट होते. चालायला झकास. ताज्या भुसभुशीत बर्फात तर काही तक्रारच नव्हती. पण रात्रभर गोठलेल्या सकाळच्या बर्फावर स्की कडेवर घेतली की बूट मधूनच पिळवटायचा. पाय एकीकडे, स्की दुसरीकडे. संध्याकाळी घोटे भरून यायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात चार बकलांचे उंच, दणकट बूट मिळाले. पुढचा पाय एकदम भक्कम झाला, अल्पाइनची आठवण आली. मागच्या पायाने मात्र रडवलं. टाच उचलली की भार चवड्यावर यायच्या ऐवजी बोटांच्या टोकांवर जायचा आणि मागची स्की स्वतःच्या मर्जीने कुठेही भरकटायची. शिवाय बुटाची घडी करंगळीवर अशी रुतायची की चार दिवस बोट काळंनिळं.

माझं वजन ६८ किलो. स्की मधोमध ८८ मिमी रुंद, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारं साधन) ७५ मिमीचं, केबलवालं. निम्मे दिवस लिफ्टवर आणि निम्मे दिवस स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे न घसरू देणारी पट्टी) लावून स्वतः चढून जातो. एकजण म्हणतो कडक घे, दुसरा म्हणतो मऊ घेतल्याशिवाय टेलिमार्क कळणारच नाही. दोघंही उत्तम स्की करतात, त्यामुळे कोणाचं ऐकावं ते समजत नाही. तुम्ही काय वापरता आणि का, ते सविस्तर सांगा.

उतारवेडा

कडकच घ्या. तुम्ही अल्पाइनमधून आला आहात, ८८ ची स्की आहे, घट्ट बर्फावर जाता. मऊ बुटाने ती स्की कडेवर उभी राहणार नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवलंच आहे. मागच्या पायाचा त्रास सवयीने जातो. मला एक अख्खा हिवाळा लागला, पण गेला. मी आता एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म) प्रकारचं बाइंडिंग आणि चार बकलांचा बूट वापरतो आणि परत मागे जायची इच्छा नाही.

मोकळी टाच

शुभ्रवाट, तुमचा प्रश्न वाचला आणि माझी तीन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

कडक की मऊ असं विचारताना आपण तीन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. बूट आडवा किती वाकतो आणि पिळवटतो, ही एक. नडगीने पुढे दाबलं की वरची कॉलर किती दाद देते, ही दुसरी. आणि चवड्यापाशी पेटीच्या भात्यासारख्या ज्या घड्या असतात, तो भाता किती सहज मिटतो, ही तिसरी. तुमचा पहिला बूट आडवा लेचापेचा होता. दुसऱ्याचा भाता ताठ होता. दोन्ही बुटांनी तुम्हाला छळलं, पण दोन वेगळ्या जागी. त्यामुळे तुमचे दोन मित्र एकमेकांना खोडत नाहीयेत. एकजण बाजूंबद्दल बोलतोय आणि दुसरा भात्याबद्दल.

आता माझं सांगते. चामड्याच्या बुटांवर शिकले आणि तिथून एकदम बाजारातला सगळ्यात ताठ बूट घेतला. माझं वजन तेव्हा ५४ किलो. विकणाऱ्याने सांगितलं, वापरून वापरून मऊ होईल. मी तीन हिवाळे वाट पाहिली. भाता काही मऊ झाला नाही. हलक्या माणसाच्या वजनाने तो पुरता मिटतच नव्हता, तर मऊ कुठून होणार?

मग एका दुपारी शिकवणाऱ्या बाईंनी मला वळणाच्या मधोमध, आहे त्या स्थितीत थांबवलं. एक पाय पुढे, मागची टाच वर. त्या गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी माझ्या मागच्या बुटाच्या चवड्याखाली हात सरकवला. जाड हातमोजा घातलेला हात बूट आणि स्की यांच्यामधून आरपार गेला! म्हणजे मी स्कीवर उभीच नव्हते. बूट चवड्यापाशी दुमडायच्या ऐवजी सगळाच्या सगळा पुढच्या चोचीवर, जिथे तीन पिना अडकतात तिथे, बिजागरीसारखा फिरत होता. मी नर्तकीसारखी बोटांच्या टोकांवर तोललेली आणि मागच्या स्कीच्या मध्यावर माझं एक छटाकभरही वजन नाही. तीन वर्षं मला वाटत होतं की माझा मागचा पाय आळशी आहे.

तुमच्या मागच्या बुटाखाली कुणाला तरी असाच हात घालून बघायला सांगा. हात सहज गेला तर तुमचं दुखणं तेच आहे.

टेलिमार्कमध्ये मागचा पाय नुसता मागून ओढत न्यायचा नसतो. साधारण निम्मा भार त्याच्यावर हवा, आणि तोही करंगळीच्या बाजूच्या कडेवर. ती कड चावली तरच मागची स्की पुढचीच्या मागोमाग वळते. त्यासाठी चवडा स्कीला टेकलेला पाहिजे, आणि चवडा टेकायचा तर भाता दुमडलाच पाहिजे. सवयीने हे सुटत नाही, असं मी ठामपणे सांगते. उतारवेडा, तुमचं सुटलं असेल तर बहुधा तुमच्या वजनामुळे आणि बाइंडिंगमुळे. एनटीएनचं बाइंडिंग बुटाला मधल्या तळव्याखालच्या खाचेत पकडतं आणि खाली ओढून धरतं, त्यामुळे चवडा आपोआप स्कीवर दाबला जातो. शुभ्रवाट ७५ मिमीवर आहेत, तिथे हे फुकट मिळत नाही.

याचा अर्थ बूट आणि बाइंडिंगची जोडी जमवावी लागते. केबल बुटाखालून जितकी मागे खेचून नेलेली असते, तितकी टाच उचलताक्षणी स्प्रिंग विरोध करू लागते आणि चवडा खाली दाबते. केबल पुढे चोचीपाशी फिरत असेल तर टाच हलकी उठते. चढायला ते छान, पण ताठ बुटाशी त्याचं जमत नाही. काही बाइंडिंगांत केबलची जागा दोन-तीन ठिकाणी बदलता येते. मी नवे बूट घ्यायच्या आधी फक्त तेवढंच केलं, केबल एक भोक मागे घेतली, आणि त्याच ताठ बुटात मागची स्की पहिल्यांदा हाताखाली आली. उलट चूकही होते. अगदी मऊ बुटाला जोरकस स्प्रिंग लावली तर ती बुटाला टाच ते चोच असा आवळते, भाता उभा राहतो आणि बोटांवर चावतो.

शेवटी मी तीन बकलांचा मधला बूट घेतला. बाजू टणक, कॉलर मध्यम, भाता सहज मिटणारा. तुमचं वजन, तुमची ८८ ची स्की आणि निम्मं चढणं पाहता मी तुम्हालाही तीन बकलांच्या वर्गातच बघायला सांगेन. स्कार्पा कंपनीचा टी-टू हा त्या वर्गाचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना. टी-वन त्याच्या वरचा चार बकलांचा, टी-फोर खालचा दोन बकलांचा. तुमचा पहिला बूट टी-फोरच्या जातीचा असावा. तो ६०-७० मिमीच्या स्कीवर गुणी बाळ असतो, ८८ वर बिचाऱ्याची दमछाक होते. स्की जितकी रुंद, तितकी तिला कडेवर उचलायला लांब तरफ लागते आणि तो सगळा पीळ बुटाच्या बाजू सोसतात.

थंडीचं राहिलं. दुकानाच्या उबेत हाताने दाबून मऊ वाटलेला बूट उणे पंधराला निराळाच वागतो. पॉलियुरेथेनचा बूट गारठ्यात चांगलाच ताठरतो, पेबॅक्स नावाच्या प्लास्टिकचा त्या मानाने कमी. रात्रभर गाडीत ठेवलेला बूट सकाळी घालू नका, त्या पहिल्या तासात त्याच्यावरून काही ठरवूही नका.

जुनं चामडं

मऊ बुटाची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो.

मी आजही चामड्याच्या बुटात स्की करतो. तीन पिनांचं साधं बाइंडिंग, ६२ मिमीची लांब स्की, आणि वाट जंगलातली, सौम्य चढ-उतारांची. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर होतात. त्यात वळणं फार तर चाळीस, बाकी सगळं चालणं. तिथे चार बकलांचा बूट म्हणजे पायाला बांधलेलं ओझं.

ही सगळी विद्या जिथून आली तिथे तर ताठ बूट नावाची गोष्टच नव्हती. नॉर्वेतल्या टेलिमार्क प्रांतातल्या मोर्गेदालचा सोंद्रे नॉरहाइम, जन्म १८२५ चा. त्याने विलोच्या डहाळ्या पिळून टाचेमागून वेढा घेणारं बाइंडिंग वापरलं आणि १८६८ मध्ये ख्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, जाऊन ती वळणं लोकांना दाखवली. पायात साधे चामड्याचे बूट. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या मंडळींनी हा प्रकार पुन्हा जिवंत केला, तोही चामड्यातच, आणि चांगल्या उभ्या उतारांवर. टर्मिनेटर नावाचा प्लास्टिकचा बूट स्कार्पाने आणला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यानंतर बूट उंच होत गेले, स्की रुंद होत गेल्या, आणि एकामुळे दुसरं वाढत गेलं.

मऊ बूट तुम्हाला खोटं बोलू देत नाही. वजन जरा पुढे-मागे झालं की तिथल्या तिथे कळतं, कारण सावरायला कॉलर नसते. म्हणून माझा सल्ला असा, की मुख्य बूट मोकळी टाच म्हणतात तसा घ्या, पण कुठे जुनी चामड्याची जोडी मिळाली तर अरुंद स्कीवर एक हिवाळा जरूर घालवा. पाय शहाणे होतात. फक्त जुन्या बुटाच्या तळाची तीन भोकं आधी नीट बघा. ती झिजून लांबट झाली असतील तर पिना धरत नाहीत, वळणात पाय सुटतो. माझा सुटलाय, ऐन उतारावर, आणि मनगटावर निभावलं.

शुभ्रवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मित्राला घेऊन टेकडीवर गेलो आणि हाताची परीक्षा केली. मोकळी टाच ताई, हात गेला. नुसता गेला नाही, बोटं पसरून फिरवता आली. मित्र म्हणाला, "अरे, तू हवेत आहेस!"

मग दोघांनी मिळून केबल मागच्या भोकात घेतली. फरक लगेच पडला. उजवीकडच्या वळणात मागची स्की अक्षरशः हाक मारल्यासारखी आली. डावीकडे अजून नाही, तिथे डाव्या करंगळीवर घडी रुततेच आहे. हे मागून आणलेले बूट २७.५ मोंडोचे, म्हणजे तेवढ्या सेंटीमीटर लांबीच्या पावलाचे, आहेत. माझ्या पावलाचं माप २६.५ सेंटीमीटर. जाड मोजे घालून भागवत होतो. करंगळीचा याच्याशी संबंध असेल का? आणि हो, आता बूट बदलतोच आहे तर एनटीएनकडे जावं का?

मोकळी टाच

असेल का काय, तेच कारण आहे!

बूट मोठा असला की भाता पुढे सरकतो. टाच मागे टेकलेली असताना बुटाची घडी तुमच्या चवड्याच्या सांध्याच्या पुढे, थेट बोटांवर पडते. पाय एका जागी वाकतो, बूट दुसऱ्या जागी, आणि मधल्या मध्ये करंगळी भरडली जाते. जाड मोज्यांनी पोकळी भरते, घडीची जागा बदलत नाही. एक सेंटीमीटर म्हणजे या खेळात फार झालं.

नवे बूट बघताना आतला लायनर (मऊ अस्तर) काढून नुसत्या कवचात पाय घाला. बोटं पुढे जेमतेम टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बोटाने मोजा. एक ते दीड बोट जागा राहिली तर माप बरोबर. बरेचदा २६ आणि २६.५ ला कवच एकच असतं, लायनर तेवढा वेगळा, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. मग लायनर घालून, बकलं लावून, टाच उचला आणि गुडघा पुढे न्या. तळहात बुटाच्या घडीवर ठेवा. आतल्या सांध्याचा उंचवटा आणि बाहेरची घडी एका रेषेत आली पाहिजे. दोन्ही पायांचं बघा, सहसा एक पाय थोडा मोठा असतो. शक्य असेल तर आपली स्की सोबत न्या, बाइंडिंगमध्ये बूट अडकवा आणि सतरंजीवर पंधरा-वीस मिनिटं एक पाय पुढे, एक मागे असे बसून-उठून बघा. चावणारा भाता दहा मिनिटांत ओळख देतो.

बकलांची एक खूण. पावलाच्या उंचवट्यावरचं बकल घट्ट लावा, म्हणजे टाच आत उचलली जात नाही. बोटांजवळचं जवळजवळ सैल ठेवा. ते आवळलं की भाता जखडतो आणि चांगला मऊ बूटही ताठ वागतो. मी आधी नेमकं उलट करत होते.

एनटीएनबद्दल. २००७ मध्ये रॉटेफेला कंपनीने ते आणलं. बुटाची चोच गेली, आडवी पकड वाढली, आणि पडल्यावर स्की सुटण्याची सोय असलेली बाइंडिंग मिळू लागली. ७५ मिमीची बहुतेक बाइंडिंग सुटत नाहीत, हे तुम्ही अल्पाइनमधून आलेले असल्यामुळे विशेष ध्यानात ठेवा. गुडघ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. तुम्हाला बूट आणि बाइंडिंग दोन्ही बदलायचे असतील तर एनटीएन जरूर घ्या, बूट स्कार्पाच्या टीएक्स प्रोच्या जातीचा. बाइंडिंग चवडा दाबून धरतं म्हणून तिथे ताठ बूटही जड जात नाही. फक्त बूटच बदलायचा असेल तर ७५ मध्येच रहा. दोघांचे बूट एकमेकांच्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत. ७५ ला चोच लागते, एनटीएनला तळव्याखालची खाच.

उतारवेडा

ताई, तुमचं वाचून मीही जुनं ७५ चं बाइंडिंग माळ्यावरून काढलं आणि त्या वेळचा माझा ७५ चा ताठ बूट त्यात अडकवून बघितला. वजन ९१ किलो, तरीही चवड्याखाली दोन बोटं जातात. म्हणजे माझी सवय झाली नव्हती, बाइंडिंग बदलल्यामुळे सुटलं होतं. शुभ्रवाट, "सवयीने जातं" हे माझं वाक्य मागे घेतो.

शुभ्रवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय. ७५ मध्येच राहिलो, तीन बकलांचा, २६.५ चा. कवचात टाचेमागे सव्वा बोट. सतरंजीवर अर्धा तास बसून-उठून झालं तेव्हा डाव्या पायाला घडी किंचित आत चावत होती. दुकानातल्या माणसाने लायनर तापवून त्या जागी साच्यात बसवला, आता चावत नाही.

काल सकाळी मुद्दाम गोठलेल्या उतारावर गेलो. डावीकडचं वळण, डावा पाय मागे, तेच जे जमत नव्हतं. चवड्याखाली बर्फाचा खरखर आवाज तळव्यापर्यंत आला. मित्राला पुन्हा मधोमध थांबवून हात घालायला लावला. बोटाचं नखसुद्धा आत जाईना. आम्ही दोघं तिथेच बर्फात बसून हसत सुटलो. घोटे संध्याकाळी दुखले, पण पहिल्या हिवाळ्याच्या मानाने काहीच नाही. गोठलेल्या भागात अजून सगळ्यात उभ्या तुकड्यावर बाजू थोडी दाद देते, तिथे चार बकलांचा बूट जास्त खंबीर होता हे मान्य करतो.

जुनं चामडं, तुमच्यासाठी बातमी. एक जुनी जोडी सापडली आहे. भोकं गोल आहेत, मी पिन घालून बघितली.